तुमच्या बिघडलेल्या ब्लॉटबद्दल

आदरणीय मॅडम,

आपली भेट कधी झालेली नाही. तीन ईमेल आणि एक छोटं पार्सल, एवढीच ओळख. तरी हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण खासगीत नुसतं 'थँक्यू' म्हणून माझं समाधान होईना.

फॉस्फोलॅम्बन हे हृदयाच्या स्नायूपेशीत कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीच्या पटलात बसलेलं प्रथिन. जेमतेम ५२ अमिनो आम्लांचं. कॅल्शियम आत ओढणाऱ्या पंपाला ते लगाम घालतं. त्याला फॉस्फेट चिकटलं की लगाम सुटतो आणि ठोक्यानंतर स्नायू झटकन सैलावतो. एवढंसं प्रथिन, पण ते अँटिबॉडीने, म्हणजे नेमकं त्यालाच चिकटणाऱ्या रेणूने, ब्लॉटवर पकडण्यात माझे चार महिने पाण्यात गेले. ब्लॉट म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या कागदासारख्या पातळ चकतीवर उतरवायची; अँटिबॉडी चिकटेल तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. हवा होता ६ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) आसपासचा बँड. एके दिवशी दिसायचा २५ ला, दुसऱ्या दिवशी मेम्ब्रेन कोरीच.

विकणाऱ्या कंपनीने आधी लॉट नंबर विचारला, मग डायल्युशन (अँटिबॉडी किती पातळ करायची ते) बदलायला सांगितलं, मग पुन्हा लॉट नंबर विचारला. एका ज्येष्ठ सरांनी तर निकालच देऊन टाकला: "अँटिबॉडी चांगली आहे, तुझे हात चांगले नाहीत." ते वाक्य रोज माझ्याबरोबर घरी यायचं.

तुम्ही एकच विचारलंत, "सॅम्पल रोज सारखंच उकळता का?"

नव्हतो उकळत. पेशीच्या पटलातलं प्रथिन उकळू नये असं कुणी म्हटलं की थांबायचो, कुणी रागावलं की उकळायचो. हे रेणू पाच-पाच मिळून मोळी बांधतात आणि ती एसडीएसलाही (प्रथिनं उलगडणारा साबण) दाद देत नाही, उकळल्यावरच सुटते, हे तुम्ही दोन ओळींत समजावलंत. २५ चा बँड म्हणजे ती मोळी. आणि सुटलेला एकेकटा रेणू इतका लहान, की माझ्या ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून आरपार निघून जात होता! तिथे ०.२ ची हवी होती.

पण खरं सांगू, हे पत्र त्या माहितीसाठी नाही. नीट वाचलं असतं तर ती मलाही सापडली असती. हे पत्र सोबत पाठवलेल्या फोटोसाठी आहे. तुमचा स्वतःचा जुना ब्लॉट, न कापलेला: बुडबुड्यांचे गोल, वाकडी गेलेली लेन (एका सॅम्पलची उभी रांग), शेजारच्या तीन कोऱ्या. खाली लिहिलं होतंत, "हा माझा. महिनाभर रडत होते."

शोधनिबंधात आपल्याला कापलेली स्वच्छ पट्टी तेवढी दिसते, पसारा ज्याचा त्याच्या कपाटात. तो अनोळखी विद्यार्थ्यापुढे उघडायला हुशारी लागत नाही. हुशारी त्या सरांकडेही होती. मी तो फोटो किती वेळा पाहिला असेल, सांगत नाही.

मग कोरड्या बर्फातली ती ट्यूब आली: फॉस्फोलॅम्बनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदराच्या हृदयाचं लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क. त्या लेनमध्ये २५ ला काही नाही, ६ लाही काही नाही. शेजारी माझ्या न उकळलेल्या लेनमध्ये २५, उकळलेल्यात ६. अँटिबॉडी चांगली होती. हातही.

ट्यूबमध्ये थोडं अजून शिल्लक आहे. उणे ८० च्या फ्रीजरमध्ये, माझ्या खोक्यात अगदी मागे ठेवलंय. झाकणावरचं तुमचं अक्षर पुसट होत चाललंय, म्हणून वरून पारदर्शक टेप लावलीय.

तुमचा,
चार महिने २५ वर अडकलेला विद्यार्थी