धावण्याची नोंद ठेवा, पण घराचं दार झाकून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंकाळ्यावर आणि विद्यापीठाच्या आवारात पहाटे धावणाऱ्या बायका आता बऱ्याच दिसतात. मी नऊ वर्षं धावते आहे, त्यामुळे नवीन आलेली प्रत्येक जण मला विचारते, "काकू, कुठलं ॲप घेऊ?"

माझी सुरुवात मुलाच्या उरलेल्या दोनशे पानी वहीत झाली. तारीख, अंतर, वेळ, झोप आणि पायात कुठले बूट होते ते. तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला. वही मागे चाळली, बेरीज केली, तर त्याच बुटांवर ९०० किलोमीटर झालेले! बूट बदलले, तीन आठवडे अंतर निम्म्यावर आणलं आणि दुखणं थांबलं. ॲपमध्येही बुटांचा रकाना होता. मी तो कधी भरलाच नव्हता. म्हणून आधी हेच सांगते, की जी नोंद तुम्ही रोज भराल तीच घ्या, मग ती वही असो की फोन.

ॲपचा फायदा मी नाकारत नाही. जुलैच्या झडीत एखादीनं सहाच्या आत पाच किलोमीटर टाकलेले दिसले की अंथरुणात पडून राहवत नाही.

पण गेल्या पावसाळ्यात चहाच्या टपरीवर एक अनोळखी गृहस्थ म्हणाले, "ताई, मंगळवारी संध्यामठाकडून उलटी फेरी मारलीत ना?" त्यांच्या मनात वाईट नसेलही. घरी येऊन पाहिलं, तर माझं खातं सगळ्या जगाला खुलं होतं आणि नकाशावरची रेघ रोज माझ्याच उंबऱ्यापासून निघत होती. त्या दिवशी हात थरथरत होते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघांवरून परदेशातले लष्करी तळ ओळखू आले होते. तिथं माझ्या गल्लीचं काय!

घराभोवतीचा भाग झाकण्याची सोय स्ट्राव्हात आहे, गार्मिन कनेक्ट या दुसऱ्या ॲपमध्येही आहे. ती चालू आहे का, ते आपलं आपण तपासावं लागतं. जिथं ही सोय नाही, किंवा आपल्या धावांची फाइल उतरवून घेता येत नाही, ते ॲप मी कुणाला सुचवणार नाही. पूर्वीच्या फोनबरोबर माझ्या दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. वहीतल्या तेवढ्या राहिल्या.

धावण्याचे गट चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. महिन्याच्या आव्हानासाठी खातं खुलं ठेवण्याची अट घालू नका, एकूण किलोमीटर कळवले तरी पुरे. आणि रविवारच्या लांब धावेनंतर मिसळीला बसाल, तेव्हा नव्या मुलींच्या फोनमधली ही सेटिंग त्यांच्यासोबत बसून लावून द्या. दहा मिनिटंही लागत नाहीत.

आपली,
एक धावपटू वाचक,
कोल्हापूर