उत्तराची वाट पाहणाऱ्या बेतवेवरच्या गाईडना

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ओरछ्याला बेतवा नदीवर तुमच्या राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी नावेत, ग्वाल्हेरहून आलेल्या दोघी मायलेकी होत्या. मुलगी सतरा वर्षांची, डाव्या बाजूला मधल्या जागेवर बसलेली, आणि तिच्या रांगेतच उजव्या बाजूला मी. फेरी संपल्यावर काठावर मी तुम्हाला 'थँक यू, भैया' एवढेच म्हणू शकले. घसा भरून आला होता आणि तुमची पुढची तुकडी जॅकेटे चढवून उभी होती. झाशी, दतिया मागे टाकत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी पोचेपर्यंत मला जे म्हणायचे होते ते मी शंभरदा मनाशी म्हटले, पण तेव्हा तुम्ही समोर नव्हता. म्हणून हे पत्र. ते मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या घराला ग्वाल्हेरात पाच पिढ्या झाल्या तरी आतले बोलणे आम्हाला मराठीतच सुचते, आणि चार मराठी माणसांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. तुमच्यासाठी हिंदीतले पत्र मुलगी स्वतः लिहिते आहे. त्यात काय आहे ते तिने मला दाखवलेले नाही.

माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांत यंत्रे असली आणि समोरच्याचे ओठ दिसत असले की ती हिंदी आणि मराठी दोन्ही चांगले समजून घेते. यंत्रे काढली की आवाज म्हणून जवळजवळ काहीच उरत नाही. पाण्याची ओढ मात्र तिला लहानपणापासून आहे. सातव्या वर्षी ती पोहायला शिकली, आणि तेव्हापासून नदीतून राफ्टने जायचे हा तिचा एकच हट्ट होता.

तो पुरवण्यासाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही दूरच्या एका नदीवर आगाऊ पैसे भरून, रात्रभर प्रवास करून गेलो होतो. तिथल्या माणसाने तिच्या कानांतली यंत्रे पाहिली आणि ती समोर उभी असताना मला विचारले, की हिला ऐकूच येत नाही तर ही कमांड कशी पाळणार. त्याची शंका अगदीच चुकीची नव्हती. राफ्टमध्ये गाईड सगळ्यांच्या मागे बसतो, पॅडल मारणाऱ्यांची तोंडे पुढे असतात आणि त्याच्या आवाजावर सगळे चालते, हे आता मलाही कळते. मला राग नकाराचा आला नाही. नकार देण्यापूर्वी त्याने तिला एकही प्रश्न विचारला नाही, याचा आला. पुढे पैशांवरून बोलाचाली झाली, तेव्हा तो म्हणाला की ठीक आहे, मधे बसवून नेतो, पॅडल देणार नाही, दोरी धरून नुसती बसून राहू दे. त्याच दहा मिनिटांत, ज्यांना ऐकू येत होते अशा इतर नवख्यांना तो जॅकेटे वाटत होता. एकाच्या जॅकेटचे बक्कल तुटलेले होते आणि त्याने ते दाखवल्यावर 'कुछ नहीं होगा' असे म्हणून त्याला पुढे ढकलले गेले. मुलीने हे सगळे त्याच्या ओठांवरून वाचले. ती गाडीत जाऊन बसली, दोन्ही यंत्रे काढली आणि डबीत ठेवली. यंत्रे काढून ठेवणे म्हणजे तिचे दार लावून घेणे असते. त्या दिवशी ते दार रात्रीपर्यंत उघडले नाही.

त्यामुळे ओरछ्याला येताना मी मनातून हरलेलीच होते. रामराजाच्या दर्शनाला आम्ही वर्षातून एकदा तरी येतोच, बेतवेवरच्या त्या अरुंद, बुटक्या पुलावरून कितीदा गेलो असू, त्यामुळे निदान दर्शन तरी होईल अशी मी मनाची समजूत घातली होती. तुमच्याजवळ येऊन मी आवाज खाली आणून 'एक बात बतानी थी' म्हणाले, तेव्हा माझे सगळे बोलणे तुम्ही ऐकून घेतलेत आणि मग माझ्याकडे पाठ न करता, पण मला बाजूला ठेवून, तिच्याकडे वळलात. तिने डोळ्यांवर हात धरलेला पाहून तुम्ही स्वतःची जागा बदललीत, ऊन तुमच्या चेहऱ्यावर येईल असे उभे राहिलात आणि तिला विचारलेत, 'मशीन तो निकालनी पडेगी. बिना मशीन के कितना सुन लेती हैं आप?' तिने बोटांची चिमूट करून दाखवली. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी जन्मभर विसरणार नाही: 'कोई बात नहीं. रॅपिड में तो हम सब बहरे ही होते हैं.'

रॅपिडच्या, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याच्या, गर्जनेत माणसाचा आवाज चार हातांवर पोचत नाही, म्हणून जगभरच्या नदीवरच्या माणसांनी खुणांची भाषा करून ठेवली आहे, हे मला तुमच्याकडून कळले. पॅडल आडवे धरले की थांबा, उभे धरले की या, वाट मोकळी आहे. डोक्यावर थापटले तर 'मी ठीक आहे', आणि दुसऱ्याकडे पाहून थापटले तर 'तू ठीक आहेस ना'. आणि दिशेची खूण करताना हात खडकाकडे कधीही दाखवायचा नाही, ज्या बाजूने जायचे त्या बाजूलाच दाखवायचा, कारण घाईच्या वेळी माणूस हाताच्या रोखाने जातो. हे तुम्ही पाण्यात पाय ठेवून सहज सांगत होतात, आणि मी मात्र तिथेच अडकले. माझ्या मुलीला सतरा वर्षे बहुतेक सगळ्यांनी हात दाखवला तो खडकाकडे. हे जमणार नाही, ते झेपणार नाही, इथे धोका आहे. जायची बाजू दाखवणारा हात आम्ही क्वचितच पाहिला होता, आणि तसा हात दाखवण्यात मीसुद्धा कमी पडले होते.

तुमच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगायलाच हवे, की 'काही होणार नाही' हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही आले नाही. तुम्ही सांगितलेत, की पाण्यात पडू शकता. पडलात तर पाठीवर राहा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे आणि वर ठेवा, आणि पाणी गुडघाभर वाटले तरी वाहत्या धारेत उभे राहू नका, कारण पाऊल दगडांच्या खाचेत अडकले तर मागून येणारे पाणी माणसाला खाली दाबते. प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे तुम्ही खांद्यापाशी वर ओढून पाहिलेत. राफ्टिंगच्या पाण्याच्या अवघडपणाप्रमाणे सहा श्रेणी असतात आणि इथले पाणी नवख्यांना झेपेल अशा खालच्या श्रेणींतले आहे, हे सांगून वर 'तरी पाणी पाणीच असते' असे बजावलेत. भीती वाटावी असे हे बोलणे होते, आणि तरी मला अनेक वर्षांनी पहिल्यांदा निर्धास्त वाटले. ज्याने खरे सांगितले त्याच्या हाती लेक सोपवता येते.

मग बसण्याची व्यवस्था. पुढच्या माणसाच्या पॅडलशी आपले पॅडल जुळवायचे हा नियम सगळ्यांनाच असतो. तुम्ही तोच तिच्या कामी आणलात. झाशीहून आलेल्या विद्यार्थ्याला तिच्या पुढे बसवून त्याला सांगितलेत, की तू ऐकायचे आणि ती तुला पाहील, थांबताना तुझे पॅडल आडवे झालेच पाहिजे. खाली बसायची वेळ आली तर तिच्या खांद्याला हात लावणे माझ्याकडे आले. आणि संथ पाण्यात पहिली पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही, सगळा सराव खुणांनी करायचा, असे तुम्ही साऱ्या राफ्टला सांगितलेत. काठावरच्या राजांच्या समाधीच्या छत्र्या हळूहळू मागे सरकत होत्या, वर गिधाडे घिरट्या घालत होती, आणि सहा माणसे अगदी गप्प राहून एकमेकांच्या हातांकडे पाहत वल्हवत होती. त्या पाच मिनिटांत इतरांचे पॅडल एकमेकांवर आपटत होते, माझे तर सारखेच, आणि तिचे एकदाही चुकले नाही. ज्या शांततेत ती कायम राहते, त्या शांततेत तुम्ही आम्हा सगळ्यांना थोडा वेळ नेऊन बसवलेत. एका तरी ठिकाणी तिच्यासाठी इतरांनी आपली रीत बदलली, असे मी याआधी पाहिले नव्हते.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते या कशासाठीही नाही. ते पुढच्या एका क्षणासाठी.

पहिला रॅपिड उतरताना राफ्ट एका खडकाला घासून एका बाजूने उचलली गेली आणि माझी मुलगी राफ्टच्या आतच, मधल्या भागात, गुडघ्यावर आपटली. मी हात लावायच्या आत ते घडून गेले. तुम्ही राफ्ट खडकाआडच्या संथ पाण्यात घेतलीत, मागची जागा सोडून पुढे आलात, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि स्वतःच्या हेल्मेटवर हात थापटून तिच्याकडे पाहत राहिलात. मी लगेच म्हणाले, 'हाँ हाँ, ठीक है वो.' तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. मी पुन्हा म्हणाले. तुमचा हात डोक्यावर तसाच होता, नजर तिच्यावर तशीच होती, आणि चेहऱ्यावर घाई अजिबात नव्हती. तिने आधी गुडघा चोळला, मग पाय लांब करून पाहिला, पुन्हा दुमडला, पॅडल कुठे आहे ते पाहिले, आणि मग सावकाश हात वर नेऊन हेल्मेटवर दोनदा थापटला. तेव्हा कुठे तुमचा हात खाली आला आणि तुम्ही आपल्या जागेवर गेलात. असे बारा-पंधरा सेकंद झाले असतील. राफ्टमधले बाकीचे चौघे न बोलता थांबले होते.

बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, म्हणून सांगते. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर मला विचारतात, 'हिला कुठे दुखते?' लग्नकार्यात नातेवाईक तिच्या देखत मला विचारतात, 'ही चहा घेते का?' दुकानात तिच्या मापाचे कपडे दाखवताना आवड माझी विचारली जाते. यांतले कोणीही वाईट नाही. सगळ्यांना लवकर उत्तर हवे असते आणि माझ्याकडून ते लवकर मिळते, एवढेच. आणि मीही ते सतरा वर्षे प्रेमाने देत आले. तिचे उत्तर यायला वेळ लागतो, कारण तिला आधी प्रश्न डोळ्यांनी गोळा करावा लागतो. तो वेळ तुम्ही तिला दिलात, भर नदीत, सहा माणसांची जबाबदारी अंगावर असताना, आणि तिची आई दोनदा मधे बोलली तरी दिलात. माझ्यावर तुम्ही रागावला नाहीत, मला गप्पही केले नाहीत. फक्त माझे उत्तर तिच्या उत्तराच्या जागी घेतले नाहीत.

त्या संध्याकाळपासून मी विचार करते आहे, की माणुसकी म्हणून आपण ज्याला नावाजतो त्यात दया किती असते आणि मान किती असतो. दया आमच्या वाट्याला भरपूर आली आहे आणि तिच्याबद्दल मी कृतघ्न नाही. बसमध्ये जागा मिळते, रांगेत पुढे घेतात, देवळात कोणी डोक्यावर हात ठेवते. पण त्या वेळी तुमच्या डोळ्यांत दया नव्हती. तुम्हाला तुमच्या राफ्टमधल्या एका वल्हवणाऱ्याची खबर हवी होती, कारण पुढच्या रॅपिडला तिच्या दोन हातांची गरज होती. हा मान माझ्या लेकीने ओळखला. पुढच्या धारेत ती ज्या त्वेषाने वल्हवत होती, ते मी शेजारून पाहिले आहे.

आणखी एक ऋण आहे. तिची यंत्रे तुम्ही तुमच्या स्वतःच्या ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, औषधांच्या डब्याशेजारी ठेवली होती. काठाला लागताच, कोणाचे हेल्मेट निघण्याआधी, तुम्ही हात पुसून ती डबी आधी तिच्या हातात दिलीत. माझ्या हातात नाही.

घरी आता काही गोष्टी बदलल्या आहेत. मागच्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीसारखे मला विचारले तेव्हा मी बोलले नाही, मुलीकडे पाहिले आणि थांबले. फार जड गेले. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, मग त्यांनीही तिच्याकडे पाहिले, आणि तिने स्वतःचे सगळे स्वतः सांगितले, त्यातले दोन दिवसांपासूनचे डोके दुखणे मला माहीतच नव्हते.

पावसाळ्यापूर्वी, नदीला पुरेसे पाणी असेल तेव्हा, आम्ही पुन्हा येऊ. या खेपेला तिचे बाबाही असतील. मुलीचे म्हणणे आहे, की आता तिला डावीकडच्या पुढच्या जागेवर बसायचे आहे, म्हणजे मागच्यांनी तिच्या पॅडलशी आपले पॅडल जुळवायचे. पुढच्या माणसाला ऐकू यावे लागते, हे मी तिला सांगू लागले होते, पण वाक्य अर्ध्यावर सोडले. ते कसे जमवायचे, की या वेळी नाहीच जमवायचे, हे तुम्हीच तिच्याशी बोलून ठरवा. मी मधे बोलणार नाही.

आपली कृतज्ञ,
मधल्या जागेवरच्या मुलीची आई
लष्कर, ग्वाल्हेर