‘अननोन’ची नळी विद्यार्थ्याच्याच हातात राहू द्या

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या प्रात्यक्षिकांविषयी हे पत्र लिहीत आहे. पदवीच्या वर्गात ‘अज्ञात जिवाणूची ओळख’ असे एक प्रात्यक्षिक असते. मुले त्याला नुसते ‘अननोन’ म्हणतात. नावाऐवजी केवळ क्रमांक लिहिलेली एक नळी हातात येते आणि आत कोणता जिवाणू आहे हे अभिरंजन (जिवाणूंना रंग देऊन पाहणे) व जैवरासायनिक चाचण्या करून तीन-चार दिवसांत सांगायचे असते. अलीकडे काही ठिकाणी आठ-दहा जणांच्या गटाला मिळून एकच नळी दिली जाते, त्यातला एक जण काम करतो, उरलेले निकाल जर्नलमध्ये उतरवून घेतात, आणि कुठे कुठे तर कोणत्या जिवाणूची कोणती चाचणी होकारार्थी वा नकारार्थी येते याचा छापील तक्ता पुढे ठेवून ‘यावरून ओळखा’ एवढ्यावरच भागवले जाते. आधी महाविद्यालयाच्या आणि नंतर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मिळून चौतीस वर्षे काढलेला माणूस म्हणून मला हे गप्प राहून पाहवत नाही.

तक्त्यावरून ओळख पटवणे सोपे असते, कारण तक्त्यातली अधिक-उणे चिन्हे कधी चुकत नाहीत. हात मात्र चुकतो. ग्रॅम अभिरंजनाचेच घ्या. हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा ते न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांतील जिवाणू दिसावेत म्हणून धडपडत होते. काचपट्टीवर पातळ लेप, त्यावर एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, एक मिनिट आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन, एवढीच कृती. ज्यांची पेशीभित्तिका जाड असते ते जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’, आणि ज्यांची पातळ असते ते तो सोडून गुलाबी होतात, ते ‘ग्रॅम निगेटिव्ह’. (जूनच्या तोंडावर खानापूरकडून बाजारात येणाऱ्या जांभळांवरून मराठीत ‘जांभळा’ म्हणतात आणि त्याच फळावरून कन्नडमध्ये ‘नेरळे’, एका टेबलावरच्या दोन मुलांना रंग समजावताना मला एकच फळ पुरत असे.) सारी मेख अल्कोहोलच्या पायरीत आहे. तिथे काही सेकंद जास्त झाले की जाड भित्तिकेचे जिवाणूही गुलाबी दिसू लागतात. नळीतली वाढ दोन-तीन दिवसांची जुनी असली तरी तसेच होते. त्यात आपल्याकडचा पावसाळा! लेप वाळता वाळत नाही, घाईला आलेला विद्यार्थी काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावर धरून अक्षरशः भाजतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ना गोल ना दांडा असे काहीतरी दिसते. यातले एकही तक्त्यात लिहिलेले नसते.

माझ्या स्वतःच्या परीक्षेत हेच घडले. सात नंबरच्या नळीतला जिवाणू मला गोल आणि गुलाबी दिसला, म्हणून ‘ग्रॅम निगेटिव्ह’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की आगारावर, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर, काहीच वाढले नव्हते, तर दोष इन्क्युबेटरला दिला, कारण मनाशी उत्तर आधीच ठरले होते. परगावाहून आलेल्या परीक्षकांनी माझी काचपट्टी पाहिली, रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “पुन्हा कर, आणि त्याच काचेवर दोन्ही बाजूंना ओळखीचे दोन ठेव.” एका टोकाला जांभळा यायला हवा तो स्टॅफिलोकॉकस, दुसऱ्या टोकाला गुलाबी यायला हवा तो ई. कोलाय आणि मध्ये माझा अनोळखी, असे तीन ठिपके मी एकाच वेळी रंगवले. स्टॅफिलोकॉकसही गुलाबी आला! तेव्हा कळले की नळीत खोट नव्हती, माझ्या अल्कोहोलच्या हातात होती. तिसऱ्या खेपेला टोकाचा आणि मधला, दोन्ही गोल जांभळे, द्राक्षांच्या घोसासारखे दिसले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात भराभर बुडबुडे आले, म्हणजे कॅटलेज पॉझिटिव्ह, स्ट्रेप्टोकॉकस नव्हे. आणि कोअ‍ॅग्युलेजच्या (रक्तद्रव गोठवण्याच्या) चाचणीच्या नळीतला सशाचा प्लाझ्मा चार तासांत गोठला, तेव्हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असे नाव लिहिले.

ही शिकवण पुढे पोटापाण्याच्या कामात उपयोगी पडली. चंदगडकडच्या एका म्हाताऱ्या बाईंचा लघवीचा नमुना आमच्याकडे आला होता. नुकताच पदवी घेऊन आलेल्या मुलाने ऑक्सिडेज चाचणी केली, कागद जांभळा झाला, म्हणजे चाचणी होकारार्थी, जशी स्यूडोमोनास या जिवाणूची येते, आणि त्याने कच्च्या अहवालात ‘स्यूडोमोनास’ लिहिले. मॅकॉन्कीच्या प्लेटवर मात्र वसाहती (जिवाणूंच्या वाढीचे ठिपके) ठसठशीत गुलाबी होत्या. गुलाबी म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवणाऱ्या, आणि स्यूडोमोनास लॅक्टोज आंबवत नाही. दोन निकाल एकमेकांशी भांडत होते, पण त्या मुलाला ते भांडण दिसलेच नाही, कारण महाविद्यालयात त्याच्या वाट्याला कधी भांडणारे निकाल आलेच नव्हते. त्याने वसाहत निक्रोमच्या तारेने उचलली होती आणि ती तार स्वतःच त्या रसायनाला रंग आणते. लाकडी काडीने पुन्हा केले तर कागद पांढराच राहिला. इंडोलच्या नळीत कोव्हॅकचे द्रावण टाकताच वर लाल कडे आले, सिट्रेटचा उतार हिरवाच राहिला, म्हणजे इंडोल होकारार्थी आणि सिट्रेट नकारार्थी, ई. कोलाय निघाला. पहिले नाव तसेच पुढे गेले असते, तर लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास देतात त्या नायट्रोफ्युरंटॉइनसारख्या गोळ्यांचा उपयोग नाही असे समजून त्या बाईंना कदाचित इंजेक्शनांसाठी दवाखान्यात ठेवून घेतले असते.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक म्हणजे, आता यंत्रे आली आहेत, मग हे जुने कशाला? मोठ्या रुग्णालयांत वसाहतीतल्या प्रथिनांवरून काही मिनिटांत नाव सांगणारी यंत्रे आहेत हे खरे, पण तालुक्याच्या गावातल्या लहान प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक, इन्क्युबेटर आणि चार बाटल्या हेच भांडवल असते, आणि आपली बहुतेक मुले तिथेच नोकरीला लागतात. शिवाय यंत्राने सांगितलेले नाव काचपट्टीवर दिसलेल्या आकाराशी आणि रंगाशी जुळत नसेल, तर शंका घ्यायला माणूसच लागतो. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला अधिक रास्त वाटतो. विद्यार्थी वाढले, आगार आणि रसायने महागली. परंतु वीस चाचण्यांचा आग्रह कोणी धरलेला नाही. ग्रॅम, कॅटलेज, ऑक्सिडेज, इंडोल, सिट्रेट आणि युरिएज एवढ्या सहा चाचण्या प्रत्येकाने स्वतः केल्या तरी पुष्कळ झाले. कॅटलेजला तर थेंबभर पेरॉक्साइड आणि एक काडी पुरते. नमुन्यादाखल ई. कोलाय, बॅसिलस सब्टिलिस असे नेहमीचे चार-सहा जिवाणूच द्यावेत. टायफॉइडसारख्या रोगांचे जंतू विद्यार्थ्यांच्या टेबलावर येण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून संबंधित महाविद्यालयांना माझी विनंती आहे की ‘अननोन’ची नळी दरडोई एक असावी, प्रत्येक चाचणीसोबत एक होकारार्थी आणि एक नकारार्थी ओळखीचा जिवाणू लावणे सक्तीचे असावे, आणि गुण केवळ बरोबर नावाला न देता न जुळलेल्या निकालाचा विद्यार्थ्याने कसा छडा लावला यालाही द्यावेत. जर्नलमध्ये फसलेली काचपट्टी नोंदवणाऱ्या मुलाचे गुण कापले जाणार असतील, तर तो ती नोंदवणारच नाही.

टेबलाशी उभे राहून हात धरून शिकवायला माणसे कमी पडत असतील, तर माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ या शहरात आणखीही आहेत. मानधनाची अपेक्षा नाही. आठवड्यातून दोन दुपारी मी येऊ शकतो, आणि येताना लाकडी काड्यांचे पाकीट माझे मी घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
टिळकवाडी, बेळगाव