गॅदरिंगच्या बँडमध्ये पेटीवाल्यांनाबी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गॅदरिंगचा सीझन आला की बेळगाव काय, निपाणी काय, खानापूर काय, पोरांचा बँड 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवतोच, आणि वाजवावंच, गाणंच तसलं आहे. पण गिटार, बेस आणि ड्रमवर भागवतात, ऑर्गन, म्हणजे पेटीसारख्याच पट्ट्यांचं वाद्य, कुणाला आठवतच नाही, म्हणून हे पत्र.

डीप पर्पल ह्या इंग्लिश रॉक बँडनं ह्या गाण्यात घडलं तेच सांगितलंय. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी रोलिंग स्टोन्स ह्या दुसऱ्या बँडचा रेकॉर्डिंगचा ट्रक घेऊन स्वित्झर्लंडात माँत्रोला गेलेली, तिथल्या कसिनोत अल्बम करायचा ठरलेला. ४ तारखेला तिथं फ्रँक झापा ह्या अमेरिकन रॉकवाल्याचा प्रोग्राम चालू असताना गर्दीतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडं उडवली आणि अख्खा कसिनो जळून खाक झाला. जीव कुणाचा गेला नाही. गाण्यातला 'फंकी क्लॉड' म्हणजे माँत्रो जॅझ फेस्टिव्हलवाला क्लॉड नोब्स, आत-बाहेर पळत पोरांना बाहेर काढत होता, त्याचं नाव गाण्यात राहिलं हे मला फार आवडतं. सरोवरावर पसरलेल्या धुरावरनं बँडच्या बेसवाल्या रॉजर ग्लोव्हरला गाण्याचं नाव सुचलं. मग एका थिएटरात ह्या गाण्याचं म्युझिक कसंबसं झालं, तोवर आवाजाच्या तक्रारीवरनं पोलीस दारात, शेवटी थंडीत रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरात बाकीचं काम. 'मशीन हेड' अल्बम १९७२ ला आला, गाणं १९७३ ला अमेरिकेत ४ नंबरपर्यंत गेलं.

आता मुद्दा. गाण्याच्या सुरुवातीला बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर एकटाच वाजवतो, पिकनं नाही, बोटांनी, दोन तारा एकदम उचलून, त्या दोन सुरांत सा-म चं अंतर. पुढं ड्रमच्या हाय-हॅट झांजांबरोबर जॉन लॉर्डचा हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन तेच सूर घेऊन घुसतो, तोबी गिटारच्या मार्शल अँपमधनं काढलेला, म्हणून आवाज असा फाटका आणि जाड येतो. ते वजन लोक गिटारचं समजतात, पण त्यात अर्धा वाटा ऑर्गनचा आहे, आणि तो काढला की गाणं पातळ आमटीसारखं लागतं.

आणि हे बेळगावात व्हावं? पं. रामभाऊ विजापुरेंनी ह्याच गावात आयुष्यभर पेटी शिकवली, अजून घरोघरी भजनाला पेटी निघते, पट्टीवर सराईत हात फिरणारी पोरं गल्लीगल्लीत आहेत. त्या पोरांना 'तू क्लासिकलवाला' म्हणून बँडच्या बाहेर ठेवायचं हे मला पटत नाही. सा-म ची जोडी त्यांच्या हाताला दोन मिनिटांत बसंल.

कॉलेजांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, बँडच्या नियमात कीबोर्डला जागा ठेवा. आणि पोरांनो, कीबोर्डवर पियानोचा टोन लावू नका, ऑर्गनचा लावा आणि वायर डिस्टॉर्शन पेडलमधनं घेऊन गिटारच्या अँपला जोडा, आवाज मात्र आधी बारीक ठेवून बघा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव