पाच टीमना एका यादीवर आणणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं आमच्याकडचं काम संपलं तेव्हा रिलीजची धांदल चालू होती आणि धड आभारही मानता आले नाहीत. ते या पत्रातून मानते आहे. पत्र सगळ्यांसमोर लिहिण्याचं कारण एवढंच, की एकाच सॉफ्टवेअरवर चार-पाच टीम राबत असलेली मंडळी गोव्यातही पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांना कळायला हवं. नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं ताई.

आमचं सॉफ्टवेअर लहान इस्पितळांसाठीचं. केसपेपर, वॉर्ड, लॅब, औषधं, बिल, सगळं त्यातच. दोन टीम पणजीत पाटोला, दोन वेर्ण्याला, एक पुण्याला. प्रत्येकीची कामांची यादी वेगळी, काम कुठवर आलं ते दाखवणारा बोर्ड वेगळा, कोणतं काम आधी ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर वेगळा. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, संपला की पाचही बोर्डांवर 'डन'चा, म्हणजे पूर्ण कामांचा, रकाना भरलेला असायचा, आणि तरीही इस्पितळांचे तक्रारीचे फोन थांबत नव्हते.

तुम्ही आल्या आल्या बैठक बोलावली नाहीत. आम्हा दोघी-तिघींना घेऊन फोंड्याच्या एका इस्पितळात बिलाच्या खिडकीजवळ जाऊन बसलात. एका आजोबांना डिस्चार्ज मिळाला होता. न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाइनच्या बाटल्या त्यांच्या मुलाने औषधांच्या काउंटरवर परत केल्या, तिथे त्याची नोंदही झाली. पण बिलात रक्कम होती तेवढीच. कॅशियरबाईंनी कॅल्क्युलेटरवर वजाबाकी केली, छापील बिलावरचा आकडा पेनने खोडला, नवा लिहिला, सही केली. मागे रांग वाढत होती. तुम्ही त्यांच्याकडून त्या बिलाची झेरॉक्स मागून घेतलीत, रुग्णाचं नाव झाकून.

सोमवारी ती झेरॉक्स पाचही प्रॉडक्ट ओनरांसमोर ठेवून तुम्ही विचारलंत, "हे काम कोणाच्या यादीत आहे?" कोणाच्याच नव्हतं. औषध परत घेण्याचं काम औषधांच्या टीमने पूर्ण केलं होतं, बिल छापण्याचं काम बिलाच्या टीमने. मधला दुवा कुणीच मागितला नव्हता. मी टेस्टर आहे. माझ्या टीमचे सगळे टेस्ट पास होते आणि त्या बाई पेनने आकडे खोडत होत्या, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

एका प्रॉडक्टवर अनेक टीम असतील तर ध्येय एक, बॅकलॉग म्हणजे कामांची यादी एक आणि प्रॉडक्ट ओनरही एक, असं स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, स्क्रम गाइडच्या 2020च्या आवृत्तीत, स्पष्ट आहे. वाचायला ते एक वाक्य. प्रत्यक्षात पाच जणांना आपापली यादी सोडायला लावणं किती जड गेलं, ते आम्ही जवळून पाहिलं. कोणाचा मान न दुखावता तुम्ही ते केलंत. एक जण ओनर राहिला, बाकीचे चौघे टीमसोबत बसून कामाचे बारकावे समजावून सांगू लागले.

व्यवस्थापनाला तेव्हा अनेक टीमचं काम एकत्र चालवण्याची सेफ, नेक्सस, लेस यांसारखी एखादी तयार पद्धत जशीच्या तशी आणायची होती. तुम्ही कुठल्याच पद्धतीला नावं ठेवली नाहीत, फक्त त्या कोणासाठी आहेत ते मांडलंत. लेफिंगवेल यांच्या 2011च्या सेफमधली एक 'ट्रेन', म्हणजे एकत्र चालणाऱ्या टीमचा गट, 50 ते 125 माणसांची. श्वेबर यांचं 2015चं नेक्सस साधारण 3 ते 9 टीमसाठी, लार्मन आणि वोडे यांचं लेस 8 टीमपर्यंत. आपण जेमतेम चाळीस माणसं, तर आपल्याला लागेल तेवढंच घेऊ, असं म्हणालात. लेसमधून स्प्रिंटचं पहिलं नियोजन सगळ्यांनी एकत्र करणं घेतलंत, सेफमधून कोणाचं काम कोणावर अडलंय ते दोऱ्यांनी दाखवणारा फळा, आणि नेक्ससमधून दर स्प्रिंटला सगळ्यांचं काम जोडून दाखवण्याचा आग्रह.

त्याहून मोलाचं म्हणजे तुम्ही टीमच नव्याने बांधल्यात. संस्थेत जसा संवाद, तशी तिच्या सॉफ्टवेअरची रचना होते, हे मेल्विन कॉनवे यांनी 1968 साली लिहून ठेवलंय. आमच्या टीम स्क्रीनप्रमाणे पाडलेल्या, त्यामुळे सॉफ्टवेअरही स्क्रीन-स्क्रीनच्या सांध्यांवरच तुटायचं. भरतीपासून डिस्चार्जपर्यंतचा सगळा रस्ता तुम्ही एका टीमकडे दिलात, त्यात औषधांचीही माणसं आणि बिलाचीही. 'डन' म्हणजे काय, ते पाचही टीमसाठी एकच ठरलं: कोड रोज सगळ्यांच्या सामाईक मुख्य शाखेत जायचा, अर्धवट काम फ्लॅग लावून, म्हणजे कोडमधल्या एका स्विचने, बंद ठेवायचं, आणि औषध परत केल्यापासून अंतिम बिलापर्यंतचा टेस्ट पास झाल्याशिवाय बोर्डावरचं त्या कामाचं कार्ड 'डन'मध्ये हलवायचं नाही. तो टेस्ट लिहिण्याचं काम मला दिलंत, त्याचा मला फार अभिमान आहे.

फळ्यावर तुम्ही सुट्ट्याही लावल्यात. चवथीला आमच्याकडची माणसं गावच्या घरी जातात, बऱ्याच घरी गणपती दीड किंवा पाच दिवसांचा, पुण्याच्या टीमची धावपळ मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत. 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि 19 डिसेंबरचा मुक्तिदिन पुण्याच्या कॅलेंडरवर सुट्टी म्हणून नसतोच. पूर्वी या दिवसांत एक टीम दुसरीची वाट पाहत बसायची. एकत्र नियोजनासाठी वेर्ण्याच्या टीमनीच दर वेळी झुआरी पूल ओलांडून पणजीला का यायचं, हेही तुमच्याच लक्षात आलं, आणि पुढचं नियोजन वेर्ण्याला झालं.

शेवटी त्या एका बैठकीबद्दल. पाचही टीमचा वेग, म्हणजे स्प्रिंटमध्ये पुरे केलेले पॉइंट, एका तक्त्यात मांडून कमी पॉइंटवाल्यांना जाब विचारायचं ठरत होतं. पुण्याची टीम सगळ्यांत खाली होती. स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं त्याचा आकडा, प्रत्येक टीम आपल्या अंदाजाने ठरवते, त्यामुळे एकीचे आठ आणि दुसरीचे आठ यांची तुलनाच होत नाही, असं तुम्ही उभं राहून सांगितलंत. त्या जागी किती इस्पितळांत बिलं पेनने खोडावी लागतात ते मोजा म्हणालात. पुण्याची मंडळी त्या खोलीत नव्हती. त्यांच्या वतीने कोणी बोललं, हे त्यांना माझ्याकडून नंतर समजलं. त्यांनीही तुम्हाला आवर्जून आभार कळवायला सांगितलं आहे.

आपली,
भरती-डिस्चार्ज टीममधली टेस्टर
पाटो, पणजी