आचाऱ्यांचा तुटवडा की आचार्यांचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'एआयचं मराठी कच्चं का?' या विषयाला कालच्या पुरवणीत आपण अर्धं पान दिलंत. इंटरनेटवर मराठी मजकूरच तोकडा, मग यंत्र बिचारं शिकणार कशावर, असा एकूण सूर. परदेशी कंपन्यांना दोन टोमणे, सरकारला एक, आणि शेवटी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेल्या अभिजात दर्जाची आठवण. लेख नीटनेटका आहे, वाद नाही. पण त्याच दिवशी आपल्याच वेबसाइटवर वरून तिसरा मथळा असा होता: 'लग्नसराईत आचार्यांचा तुटवडा'.

छापील अंकात तोच मथळा 'लग्नसराईत आचाऱ्यांचा तुटवडा' असा बिनचूक आहे. म्हणजे वार्ताहराला मराठी येतं, उपसंपादकालाही येतं. कागदावर जे पंगतीचा स्वयंपाक करत होते, ते वेबसाइटवर पोचेपर्यंत गुरुवर्य झाले. गेल्या पावसाळ्यात असंच 'सह्याद्रीच्या दर्यांत धुकं' पसरलं होतं. दऱ्यांचा दर्या झाला की सह्याद्री थेट समुद्रात.

हे का होतं, याची चौकशी आपल्या तंत्रलेखकांनी परदेशी कंपन्यांकडे करण्याआधी आपल्याच इमारतीत, पानं लावणाऱ्या विभागात करायला हवी होती. आपण कोणता फॉन्ट वापरता हे बाहेरून सांगता येत नाही, पण चुकीची जात ओळखता येते. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' टंकलं की संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. त्यांवर मराठी आकारांचा मुखवटा चढतो, एवढंच. श्रीलिपीचा मुखवटा वेगळा, डीव्हीबी-टीटी सुरेखचा आणखी वेगळा. छपाईला हे चालतं, कारण शाईला आकाराशी मतलब. वेबसाइटला चालत नाही, म्हणून मधे एक परिवर्तक बसवतात, जो या अक्षरांचं युनिकोड करतो, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला त्याचा स्वतःचा, सगळीकडे सारखाच क्रमांक देतो. आपले आचारी याच वाटेवर मारले जातात.

युनिकोडमध्ये र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि य असं ओळीने लिहिलं की रफार होतो: आचार्य. 'ऱ्या'मधला अर्धा र हवा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी जुनी: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. पण वेबसाइटच्या बऱ्याच प्रणाल्या मजकूर आत घेताना अदृश्य चिन्हं कचरा म्हणून झाडून टाकतात. दुसऱ्या वाटेने आलेल्या शब्दातलं जोडचिन्ह गेलं की मागे र, हलन्त, य उरतं, आणि आचाऱ्याचा आचार्य होतो.

आपल्याकडे दोष परिवर्तकात आहे की झाडलोटीत, हे पाच मिनिटांत कळेल. छापील अंकात कधीच न गेलेली, थेट वेबसाइटवर टंकलेली एखादी बातमी उघडा आणि तिच्यात 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' शोधा. तिथेही 'दुसर्या', 'कुर्हाड' दिसलं तर बहुधा झाडू दोषी. फक्त छापील अंकातून आलेल्या बातम्यांतच दिसलं तर बहुधा परिवर्तकाच्या तक्त्यात या अर्ध्या र ची ओळच चुकीची आहे. ओळ दुरुस्त करायला अर्धा तासही लागू नये. झाडूला मात्र फक्त हे जोडचिन्ह आणि त्याचं भावंड, म्हणजे अक्षरं जुळू न देणारं चिन्ह, अशी दोन्ही सोडून द्यायला सांगावं लागेल.

आणि कृपा करून कुणी उत्साहाच्या भरात सगळ्या संग्रहावर 'शोधा आणि बदला' चालवू नये. 'दुसर्या', 'तिसर्या', 'कुर्हाड', 'तर्हा' हे शब्द मराठीत नाहीतच, ते खुशाल एका फटक्यात बदला. 'आचार्य' आणि 'दर्या' तसे बदलता येत नाहीत, नाहीतर एका रात्रीत आचार्य अत्र्यांच्या हातात झारा द्याल. ते माणसानेच वाचून बदलायचे.

अर्धा र हा त्यातल्या त्यात सोपा रोग. खरा घोळ वेलांटीचा. जुन्या फॉन्टात जसं दिसतं तसं टंकतात: पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं: अक्षर आधी, वेलांटी नंतर. त्यामुळे 'स्थिती' बदलताना वेलांटीला नुसत्या स् पलीकडे नव्हे, थ च्याही पलीकडे न्यावं लागतं. रफाराचं उलट. तो जुन्या फॉन्टात अक्षरानंतर टंकतात, युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी आणायचं. 'आर्थिक'मध्ये एकाच थ भोवती दोघांची ये-जा असते. रफाराला मागे जाताना वेलांटी ओलांडायला शिकवलं नसेल तर तो पुढच्या क वर जाऊन बसतो, आणि तयार होतो 'आथिर्क'. तसेच 'वाषिर्क' आणि 'धामिर्क'. मराठी वेबसाइटींच्या जुन्या पानांवर हे शब्द रानगवतासारखे माजले आहेत. परिवर्तक तपासायचा असेल तर त्याला 'वार्षिक आर्थिक स्थिती' एवढे तीनच शब्द द्या. त्यातून सहीसलामत निघाला तर तो बरा आहे.

आता यंत्राला मराठी मजकूर मिळत नाही, या तक्रारीकडे बघा. मजकूर आहे, ढिगाने आहे. तो इंग्रजी अक्षरांच्या कडबोळ्यात पडला आहे. २००० नंतरची काही वर्षं मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटी पानाबरोबर फॉन्ट पाठवायच्या. त्यातला एक प्रकार चालायचा तोच मुळी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्या काळातली पानं आज उघडली तर दिसतात रोमन अक्षरं आणि उद्गारचिन्हं. शोधयंत्राला त्यात मराठी सापडत नाही, एआयला कुठून सापडेल? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला आणि तिथे पदरमोड करून लिहिणाऱ्या लोकांनी तेव्हापासून युनिकोडच वापरलं. ज्यांच्याकडे पगारी संपादकवर्ग आहे, त्यांनी अडचणी सांगाव्यात हे जरा अतीच झालं.

ई-पेपरबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. पैसे वेगळे घेता आणि देता पानाचं छायाचित्र. त्यात शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे वाचायला काहीच नाही. पीडीएफ उतरवून घेतली तरी मथळा नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवला की अक्षरांची भेळ. पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, आकृत्या असतात. कोणती आकृती म्हणजे कोणती अक्षरं, हा तक्ता आत नीट बसवला नाही तर बाहेर काहीही येतं. मूळ मजकूर जुन्या फॉन्टात असेल तर तो तक्ताही इंग्रजीच सांगणार.

यावर उपाय परदेशातून यायचा नाही. पानं युनिकोडवर लावायला सुरुवात करा. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरला सीएस६ या आवृत्तीपासून वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्या लिप्यांची अक्षरं जुळवण्याची सोय आहे. परिच्छेदाच्या पर्यायांत तो निवडला की जोडाक्षरं नीट लागतात, न निवडल्यास वेलांट्या सुट्या पडतात आणि मग 'युनिकोडला छपाई जमत नाही' असं म्हणत सगळे जुन्या फॉन्टावर परततात. टंकणाऱ्यांची बोटं जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसली असतील तर ती मांडणी युनिकोडमध्येही मिळते. इनस्क्रिप्ट या दुसऱ्या कळफलक-मांडणीवर बसली असतील तर ऱ साठी शिफ्ट आणि जे, हलन्ताला डी, बस. जुना संग्रह बदलायला घ्याल तेव्हा प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या फॉन्टचं नाव जपा. मथळ्याचा फॉन्ट एक, मजकुराचा दुसरा, आणि मधे एखादं खरंखुरं इंग्रजी नाव, असा प्रकार असतो. फॉन्टचं नाव गळालं की परिवर्तक त्या इंग्रजी नावाचंही देवनागरी कडबोळं करतो. परिवर्तकाच्या तक्त्यात लांब जोड्या आधी बदला, एकेरी अक्षरं शेवटी. आणि मूळ फायली पुसू नका. पहिला प्रयत्न हमखास चुकतो.

जाता जाता आणखी एक. आपल्या वेबसाइटीच्या पानांवर भाषेच्या खुणेत मराठीच्या 'एमआर'ऐवजी हिंदीचं 'एचआय' लिहिलेलं आहे, पानाचा उगम उघडून कुणीही बघावं. त्यामुळे मजकूर वाचून दाखवणारं यंत्र हिंदी आवाज निवडतं, आणि फॉन्टात मराठी वळणाची सोय असली तरी ल आणि श हिंदी वळणाचेच उमटतात. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे. अभिजात भाषेसाठी तेवढी व्हावी.

कळावे,
एक जुना वर्गणीदार, सातारा

ता. क. हे पत्र युनिकोडमध्ये टंकून पाठवत आहे. आपल्याकडे ते आधी जुन्या फॉन्टात जाईल, पानावर लागेल आणि परत युनिकोड होऊन वेबसाइटवर येईल. वाटेत नेहमीचा प्रकार झाला तर शीर्षकात 'आचार्यांचा तुटवडा की आचार्यांचा?' असं छापून येईल आणि वेडा मी ठरेन. तेवढा एक शब्द कुणीतरी हाताने तपासावा.