झेन विकलेली नाही

सोलापूर,
धुळवडीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा ‘पाणी किती दिवसांआड येतंय’ यावरच बोलणं संपलं. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही आधी वाचा. आई, ते वाचत असताना तू शेजारी बस.

दिवाळीत मी म्हणाले होते, आपल्या मारुती झेनला गिऱ्हाईक आलंय. आलं होतं, पण भंगारवाला. दारात उभं राहून त्यानं टायरला लाथ मारली आणि किलोनं भाव सांगितला. मी त्याला घालवून दिलं. तेव्हा झेन विकलेली नाही, इथंच पत्र्याच्या शेडमध्ये आहे. फक्त तुम्ही ठेवून गेलात तशी ती राहिलेली नाही. मागची सीट, दारांची आतली कव्हरं, गालिचा, टेप, सगळं काढलं. आत पाइपचा पिंजरा वेल्ड करून घेतला (सीमलेस पाइप, बाबा, नळाचा नव्हे). आणि या हिवाळ्यात मी ती मातीवर पळवली. शर्यतीत. एक नाही, हंगामाच्या पाचही फेऱ्या.

पुण्याहून लगेच निघू नका. मला खरचटलंसुद्धा नाही.

याला सुरुवात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी झाली. तुम्ही दोघं दादाकडे गेलात, घर रिकामं, रात्री झोप येईना, तर मी मोबाइलवर रॅलीक्रॉस बघत बसायचे. १९६७ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात केंटमधल्या लिडन हिलला हा खेळ पहिल्यांदा झाला, तोही टीव्हीवर दाखवायला काहीतरी हवं म्हणून. पोर्शे ९११ घेऊन आलेला विक एल्फर्ड जिंकला. वाट थोडी डांबराची, थोडी मातीची, आणि चार-पाच गाड्या एकदम सुटतात. पहिल्या वळणावर आरशाला आरसा लागतो. आताच्या सगळ्यात मोठ्या गटातल्या गाड्या सहाशे हॉर्सपॉवरच्या आसपास, शून्यावरून शंभरवर जेमतेम दोन सेकंदांत. आपली झेन तरुणपणी पन्नास होती.

त्यात एक जोकर लॅप असतो. प्रत्येकानं शर्यतीत एकदा लांबच्या वाटेनं जायचंच, पण कधी ते त्यानं ठरवायचं. बाबा, तुमच्या रमीतला जोकर डाव सावरतो, हा दोन-तीन सेकंद खातो. तरी तो नेमका केव्हा टाकायचा यात तुमच्यासारखीच माणसं हुशार.

आपल्याकडे मी ज्यात उतरले ते ऑटोक्रॉस. त्याच कुळातलं, पण गरीब भावकीतलं. मोकळ्या माळावर मुरुमाचे बांध आणि कोन लावून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, शर्यत घड्याळाशी. कोन पडला की वेळेत सेकंद वाढतात, वाट चुकली की ती रन बाद. दोन रन मिळतात, त्यातली चांगली धरतात. खरं सांगते, बरोबरीनं चार गाड्या नाहीत याचं आधी वाईट वाटलं. पहिल्या फेरीत सुटायच्या रेषेवर उभी राहिले तेव्हा बरंच वाटलं.

पहिल्या दोन फेऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पहिलीत वाट चुकले, दुसरीत तीन कोन पाडले. परतीच्या टेम्पोत गाडी मागे बांधलेली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मी. तो इंदापूरपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिला, ‘ताई, यात पैसे कोण देतं?’ आम्हीच देतो म्हटलं तर त्यानं रेडिओ लावला.

तिसरी फेरी मात्र आपल्या सोलापुरात, गावाबाहेरच्या माळावर. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा चालू होता, त्यामुळे हॉटेलं भरलेली, बाहेरगावचे दोघं आपल्या हॉलमध्ये झोपले. त्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली, तर एकजण भाकरी दुधात बुडवून खायला लागला. असो. मुद्दा मातीचा. वर मुरूम पसरला होता, पण वळणांवर खालची काळी माती उघडी पडलेली. धुरळा बसावा म्हणून टँकरनं पाणी मारलं. पाणी मारल्यावर लगेच जो सुटतो त्याची गाडी लोण्यावर चालल्यासारखी जाते. दहा-बारा गाड्या गेल्या की वरचं सुकतं, चाकांनी दाबलेली वाट घट्ट होते, आणि तेव्हा वेळ निघते. त्यानंतर पुन्हा भुसा. बाहेरून आलेले टायर बदलत बसले होते. मी बांधावर बसून माती चिमटीत घेऊन बघत होते, मामा पेरणीआधी बघतो तशी. माझा नंबर बरोबर मधल्या वेळेला आला. त्यात हुशारी नाही, चिठ्ठी तशी निघाली. पण आलेली वेळ मी वाया घालवली नाही.

आता ऐकायला जड जाईल असं एक. होम मैदानावर गड्डा उठून गेल्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत, तेव्हा पहिला नियम सांगितला होतात, चालत्या गाडीत हँडब्रेकला हात लावायचा नाही. बाबा, मी प्रत्येक वळणावर लावते. पुढची चाकं ओढणारी गाडी मातीवर वळत नाही, नाक सरळच जातं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग थोडं आधी वळवायचं, हँडब्रेक क्षणभर ओढायचा. मागचा भाग हलका होऊन फिरतो, की लगेच दुसरा गिअर आणि पाय खाली. सीट काढल्यापासून मागे वजनच नाही, त्यामुळे फिरते तर अशी फिरते! शेजारच्या काकूंनी शेडमागे सराव बघितला आणि गल्लीभर सांगितलं की पोरीनं गाडीचा ताबा सोडला.

त्या दिवशी मी आमच्या सीसीच्या गटात चौथी आले. बायकांच्या गटात तिसरी, पण त्यात आम्ही तिघीच होतो, तेव्हा ते आत्याला सांगताना नुसतं ‘तिसरी’ एवढंच सांगा.

चौथ्या फेरीत हाव नडली. शेवटच्या वळणावर उशिरा ब्रेक मारला आणि डावी बाजू मुरुमाच्या बांधात घातली. चाकाला धरणारा लोअर आर्म वाकला, डावं दार चेपलं. तेच दार, जे आई तुळजापूरला उतरताना कधीही एका दणक्यात लावू शकली नाही. आता ते कुणालाच लावता येत नाही, दोरीनं बांधलंय. आई, हेल्मेट होतं, चार पट्ट्यांचा बेल्ट होता, अग्निशामक नळकांडं हाताशी होतं, आणि अँब्युलन्स आल्याशिवाय तिथं पहिली गाडीसुद्धा सोडत नाहीत. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं, लायसन्सही रीतसर काढलंय. स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीतपासणीत, डॅशबोर्डवरचा गणपती काढायला लावला, सुटी वस्तू चालत नाही म्हणून. तो देवघरात ठेवलाय. मागची सीट ओसरीवर ठेवलीये, गादी तीच, तुझी सुपारीची डबी तिच्या फटीत सापडली.

पाचव्या फेरीला आर्म नवा होता, दार जुनंच. गटात सहावी.

खर्चाचा हिशेब तुमच्या एसटीच्या जुन्या डायरीत तारखेवार लिहिलाय. बेरीज मुद्दाम केलेली नाही, ती तुम्ही आलात की करा. एफडीला हात लावलेला नाही एवढं आत्ताच सांगते.

रागावला असाल तर रागवा. पण एक अडचण आहे आणि ती इथल्या कुणालाच सुटत नाहीये. तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी तापल्यावर, पाय पूर्ण दाबला की इंजिन क्षणभर गिळल्यासारखं करतं आणि मग उचलतं. कार्बोरेटरचे जेट साफ केले, प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. एमआयडीसीतला पोरगा म्हणतो इंजिनच बदला. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून मुठीला कान लावायचे आणि कुठं काय आहे ते सांगायचे. मी तसं करून बघितलं, मला नुसती घरघर ऐकू आली.

येत्या रविवारी सकाळी दहाला फोन मोकळा ठेवा. मी आधी गाडी तापवते आणि मग मोबाइल बॉनेटखाली धरते.

तुमची,
धाकटी